लाकडी पाळण्याचा शेवटचा उरूस

यंदाच्या उरुसात विजेचा मोठा पाळणा आला नाही, आणि आमच्या खानदानात कुणी मयत झाल्यासारखं झालं. माझ्या भावाची नात आफरीन पुण्याला कंपनीत आहे, ती फोनवर हुंदके देऊन रडली. "फुप्पीदादी, आता गावाला यायचं तरी कशाला?" म्हणाली. मोबाईलवर या लोकांचा एक गटच आहे म्हणे. पुणे, सोलापूर, हैदराबाद इथं पांगलेले आमच्या गावचे बाप्ये अन् बाया. उरुसाच्या तारखा बघून रजा टाकतात, वरच्या पाळण्यात बसून काढलेले जुने फोटो एकमेकांना धाडतात आणि कुणाची मन्नत कुठल्या फेऱ्यात मागितली याच्या गप्पा झोडतात. यंदा लोखंड गंजलं म्हणून त्या पाळण्याला परवानगी मिळाली नाही, अन् त्या जागी माणसाला डोकं खाली पाय वर करून हलवणारं काहीतरी यंत्र आलं. गटावर रडारड. मी सगळं ऐकून घेतलं, पण मनात म्हटलं, अगं पोरी, ज्या लोखंडी धुडासाठी तू टिपं गाळतेस, ते आमच्या गावात पहिल्यांदा उभं राहिलं तेव्हा आम्ही बायकांनी त्याच्या नावानं बोटं मोडली होती. हे मी तिला बोलूनही दाखवलं, कारण तोंड आवरणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. तेव्हा ती रडायची थांबली अन् म्हणाली, मग लिहून काढ ना. शाळेत तीस-पस्तीस वर्षं पोरांना निबंध लिहायला लावणाऱ्या बाईला आता नाही कसं म्हणता येणार? म्हणून लिहिते.

आमचं गाव उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला खेटून. अब्बा बांगड्यांचे व्यापारी. व्यापारी म्हणायचं आपलं, डोक्यावर पेटारा घेऊन गावोगाव हिंडायचे. घर दर्ग्याच्या माळाला लागून, पुढं मोठं अंगण, अंगणात कडुनिंब. घरात आम्ही दखनी बोलायचो, दारात मराठी, आणि उरुसाच्या आधी शिवाप्पामामा आले की अंगणात कानडीसुद्धा. शिवाप्पामामा पाळणेवाले. जातीनं लिंगायत, शिवेपलीकडच्या एका खेड्यातले, अंगानं रेड्यासारखे दणकट आणि बोलायला गाईसारखे गरीब. दोन बैलगाड्यांत पाळण्याची लाकडं घालून, दोन भाचे बरोबर घेऊन ते यायचे, आणि आमच्याच अंगणात निंबाखाली उतरायचे. त्यांच्या वडलांपासूनची ती रीत. ते अम्माला अक्का म्हणायचे, अम्मा त्यांना भाऊ. ते आमच्या घरी शिजलेलं खायचे नाहीत, आणि अम्मालाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ती त्यांच्यासाठी नवं मडकं घ्यायची, विहिरीचं पाणी त्यांच्या भाच्यांनाच भरायला लावायची, निंबाखालची जागा सारवून ठेवायची. सकाळी मामा अंघोळ करून गळ्यातलं लिंग हातावर घेऊन डोळे मिटून बसायचे, तेवढा वेळ अम्मा आम्हाला अंगणात फिरकू द्यायची नाही. मग तीन दगडांवर त्यांची ज्वारीची भाकरी टम्म फुगायची. घरून आणलेली कडक भाकरी अन् शेंगाची चटणी मात्र ते आम्हा पोरांना हात सैल सोडून वाटायचे. ती चटणी अशी तिखट असायची की डोळ्यातून पाणी काढत आम्ही आणखी मागायचो.

पाळणा म्हणजे काही आत्तासारखा आभाळाला लागणारा नव्हता. दोन दणकट खांब, त्यांवर आडवी बाभळीची लाट, म्हणजे फिरता ओंडका, लाटेत ठोकलेले लाकडी आडे अन् आड्यांच्या टोकांना चार बाजूंना चार पेट्या. एका पेटीत चार पोरं किंवा दोन धडधाकट बाया. मामा अन् भाचे हातांनी, खांद्यांनी रेटून तो फिरवायचे. लाट ज्या दोन लाकडी ठोकळ्यांच्या खाचेत फिरायची ते ठोकळे एरंडेल तेल पिऊन पिऊन काळेभोर झाले होते, आणि तरी पाळणा कुरकुरायचा. कसा कुरकुरायचा! पहिल्या दिवशी मामा रिकामा पाळणा फिरवून बघायचे, तेव्हा तो आवाज शिवारात जायचा अन् खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून म्हणायच्या, "आला गं पाळणा." संदलाचा ढोल, कव्वालीचा भोंगा, उरुसापुरत्या मांडलेल्या आमच्या दुकानातल्या बांगड्यांची किणकिण, या सगळ्यातून तो आवाज वेगळा ऐकू यायचा. घरात अम्मा मलिदा कुटत असायची, गोड चोंगे तळत असायची, आणि मध्येच हात थांबवून कान द्यायची. "भरून चाललाय," म्हणायची. रिकामा चालतोय की भरून, हे तिला आवाजावरून कळायचं. तसं ते गावातल्या सगळ्याच बायकांना कळायचं म्हणा.

कारण पाळणा खरा बायकांचाच होता. उरुसाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची नमाज झाली की असरच्या नमाजेपर्यंत माळावरून सगळे पुरुष निघून जायचे. त्याला बायकांचा फेरा म्हणत. त्या वेळात पाळण्यात फक्त बाया बसायच्या, आणि फिरवायच्याही बायाच. आमच्यातल्या बुरख्यातल्या, लिंगायतांच्या, मराठ्यांच्या, मांगवाड्यातल्या, सगळ्या एका रांगेत. वर्षभर उंबऱ्याबाहेर न पडलेली सून त्या दिवशी पदर खोचून पाळण्याला खांदा द्यायची. मामा अन् भाचे लांब चिंचेखाली पाळण्याकडं पाठ करून, डोक्यावर उपरणं घेऊन बसायचे. वळून बघायचं नाही ही त्यांची शपथ. पण मामांचे कान मागं असायचे. कुरकुर वाढली की ते तिथूनच, पाठ न वळवता, बायांना कानडीत यव्वा म्हणजे आई म्हणत ओरडायचे, "सावकाश, यव्वा, सावकाश!" आणि बाया खिदळत हात सैल सोडायच्या. हात सोडला की पाळणा आपसूक थांबायचा. थांबायला काही करावं लागतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी चौदा-पंधरा वर्षांची होते त्या साली उरुसाच्या आधीच कुजबुज सुरू झाली. सोलापूरकडचा एक विजेचा पाळणेवाला पंचांना भेटून गेला होता. त्याचा पाळणा चिंचेपेक्षा उंच, वर रंगीत दिवे, एका वेळी माणसं किती बसतील त्याला सुमार नाही. पंचांनी शिवाप्पामामांना बोलावून सांगितलं, "मामा, तुमचा पाळणा लई मंद चालतो. रांगेत उभं राहून लोक कंटाळतात, पोरं हसतात. यंदाचा उरूस बघतो. पाळणा जोमानं चालला, गर्दी उरकली, तर जागा तुमची. न्हाय तर पुढच्या साली विचार करावा लागंल." मामा हात जोडून "व्हय" म्हणाले अन् अंगणात येऊन निंबाला टेकून बसले. अम्मानं चहा दिला. चहा मात्र ते आमच्या हातचा घ्यायचे. चहा गार झाला तरी त्यांनी ओठाला लावला नाही. "अक्का," एवढंच म्हणाले, "बापाच्या वक्ताचा पाळणा हाय."

हे सगळं ऐकत दारात उभा होता माझा थोरला भाऊ, रशीदभाई. विशीचा. उमरग्याला हायवेवर ट्रकच्या गॅरेजात कामाला होता, हात कायम ग्रीसनं माखलेले. पाळण्याचा एवढा वेडा दुसरा कुणी मी पाहिला नाही. लहानपणी पेटीतून उतरायचाच नाही, अब्बांना ओढून काढावा लागायचा. मोठा झाल्यावर उरुसाच्या दिवसांत गॅरेजातून रजा घेऊन मामांच्या भाच्यांबरोबर फुकट पाळणा रेटायचा. मामा त्याला तम्मा म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. तो पुढं येऊन म्हणाला, "मामा, मंद चालतो तो लाकडावर लाकूड घासतंय म्हणून. मी ट्रकची बेअरिंगं बसवून देतो. एका बोटानं फिरंल."

मामांनी त्याच्याकडं पाहिलं. "चालंल म्हणतोस?"

"चालंल? पळंल, मामा!"

आता या वयात मला वाटतं, त्या दोघांतल्या एकाला तरी त्या क्षणी शंका यायला हवी होती. पण कुणाला यावी? मामांनी पाळणा वडलांकडून जसा घेतला तसा चालवला होता. रशीदभाईनं आयुष्यात जे पाहिलं होतं त्याला ब्रेक असायचा. ब्रेक नसलेल्या वस्तूचा विचार त्याच्या डोक्याला कधी शिवलाच नव्हता. जीव मात्र दोघांचाही त्या पाळण्यात अडकलेला. गॅरेजच्या मालकाच्या हातापाया पडून त्यानं जुनी पण चांगली बेअरिंगं आणली, लाटेच्या टोकांना लोखंडी आस ठोकले, खांबांवर बैठका बसवल्या. दिवसभर माळावर ठोकाठोक चालली होती. काढलेले ते काळे लाकडी ठोकळे आमच्या अंगणात येऊन पडले. दुसऱ्या दिवशी नियाजच्या मलिद्यासाठी अम्माला सरपण कमी पडलं तेव्हा तिनं तेच ठोकळे फोडून चुलीत घातले. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं लाकूड ते. असं भडाभडा पेटलं की अम्मा खूश होऊन म्हणाली, "बघ गे जैतून, कसा जाळ आहे!" मी पण खूश. चोंगे त्या दिवशी फार खुसखुशीत झाले होते, ते अजून आठवतं.

उरुसाच्या पहिल्या दिवशी पाळणा फिरला, आणि आवाजच नाही. मामांचा एक भाचा नुसता हात लावायचा की पाळणा सर्रकन वर. थांबवायला मात्र दोन्ही भाचे अन् रशीदभाई मिळून पेट्या अडवत होते, पण तिघं गडी तरणेबांड, त्यांना त्यात गंमतच वाटत होती. गर्दी भराभर उरकत होती. पंच येऊन बघून गेले, मान हलवून गेले. रशीदभाईचा चेहरा त्या दिवशी लग्नातल्या नवऱ्यासारखा दिसत होता. मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली अन् म्हणाले, "वाचिवलास रे, तम्मा."

आणि तरी बायका खूश नव्हत्या. बांगड्या भरायला आमच्या दुकानात बसल्या की नाकं मुरडायच्या. शेजारची म्हातारी गौराक्का तर हात झटकून म्हणाली, "ह्यो आपला पाळणा न्हाय. मुका झालाय त्यो." दुसरी म्हणाली, "वाऱ्यावर गेल्यासारखं वाटतंय बाई, पाळण्यात बसल्यासारखं न्हाय." अब्बांनी हसून विचारलं, "मग काय, कुरकुर विकत घेऊ का तुमच्यासाठी?" आता बघा, आफरीनचा गट जे बोलतो तेच हे. रंग बदलला, सूर बदलला, पहिल्यासारखं राहिलं नाही. माझ्यासकट सगळे अशांना हसतात. म्हातारीला काय कळतंय, असंच तेव्हाही सगळ्यांना वाटलं. गौराक्कालाही काही कळत होतं असं मी म्हणत नाही. तिला फक्त बरं वाटत नव्हतं. पण कधी कधी बरं न वाटणं हेच ऐकायला हवं असतं, एवढं मला त्या उरुसानं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नमाज झाली आणि माळ पुरुषांनी मोकळा केला. रशीदभाई उमरग्याच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर जाऊन बसला. मामा अन् भाचे चिंचेखाली पाठ करून बसले. बायांची रांग लागली. मी अन् माझी मैत्रीण महादेवी एका पेटीत, बाकीच्या तीन पेट्यांत आणखी बाया. खाली अम्मा, गौराक्काची सून अन् दोघी-चौघी पदर खोचून फिरवायला उभ्या. त्यांनी नेहमीसारखा जोर लावला. नेहमीसारखा, म्हणजे लाकडावर लाकूड घासत असताना लागायचा तेवढा. पाळणा उडालाच. पहिले दोन फेरे आम्ही हसत होतो. वरून मला चिंचेखालच्या मामांचं पांढरं उपरणं दिसत होतं. तिसऱ्या फेऱ्याला महादेवीनं माझा हात आवळला. खालून अम्मा ओरडली, "हात काढा, आता थांबंल!" सगळ्यांनी हात काढले. पाळणा थांबला नाही. कुणी पेटीला हात घातला तर तिला फरफटत नेलं, तिनं किंचाळून सोडलं. आणि मामा तसेच पाठ करून बसलेले. कुरकुर नाही, तर त्यांना कळणार कसं? माळावर कव्वालीचा भोंगा चालू होता.

शेवटी तो हळू झाला, आणि खालच्या पेटीतल्या दोघी घाबरून उड्या टाकून पळाल्या. तिथंच घात झाला. ती बाजू हलकी झाली अन् आमची वर असलेली पेटी भस्सकन खाली यायला लागली, मग परत वर, परत खाली, झोकांड्या खात. माझा ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. खाली बाया "भाऊ! भाऊ!" करून ओरडत होत्या. तेव्हा मामा वळले. ज्या माणसानं अख्ख्या आयुष्यात त्या वेळी मान वळवली नव्हती, तो उपरणं तिथंच टाकून धावत आला. बाया बाजूला झाल्या. मामांनी फिरता आडा उजव्या खांद्यावर घेतला, पाय रोवले. हाड मोडल्याचा आवाज मी वरून ऐकला. पाळणा थांबला. मामा खांदा आड्याखाली तसाच ठेवून उभे होते आणि म्हणत होते, "उतरा, यव्वा, उतरा सावकाश." आम्ही सगळ्या उतरेपर्यंत त्यांनी खांदा काढला नाही. मग खाली बसले.

रशीदभाई आरडाओरडा ऐकून आला, त्यानं रस्त्यावरचा ट्रक अडवला, मामांना उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. खांदा अन् दंड, दोन्ही मोडले होते. संध्याकाळी परत आला तो थेट अंगणात गेला, निंबाखाली, चुलीमागं, गोठ्यात काहीतरी शोधायला लागला. "अम्मा, ठोकळे कुठायत? जुने ठोकळे?" मी आजच परत बसवतो म्हणत होता. अम्मा चुलीकडं बघत राहिली. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो चुलीपुढं उकिडवा बसून राखेकडं बघत राहिला. अम्मा पदर तोंडात कोंबून रडली. त्या घरात पाळण्यावर सगळ्यात जास्त जीव होता तो या दोघांचा, आणि तो संपवला तोही या दोघांनीच. मला तेव्हा दोघांचाही राग आला होता. आता दोघांचीही कीव येते.

मामा प्लास्टर घालून परत आले तेव्हा चिंचेखाली पंच बसले. अख्खं गाव उभं. थोरल्या पंचांनी विचारलं, "मामा, हे यंत्र बसवायची अक्कल कुणाची?" रशीदभाई पुढं झाला. तो तोंड उघडतोय तोवर मामा म्हणाले, "माझी."

"मामा!" रशीदभाई ओरडला. "मीच बस—"

"गप बस, तम्मा." मग पंचांकडं वळून, "म्याच बसवाय लावलं. पोरगं माझ्या सांगण्यावरून राबलं. त्याचं काय न्हाय ह्यात."

कुणी मेलं नव्हतं, अल्लाची मेहेरबानी. पण पंचांनाही पर्याय नव्हता, हे आता मी मान्य करते, तेव्हा नव्हतं केलं. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, नवे ठोकळे करून देतो, पण नवं लाकूड गच्च बसतं, मुरायला दोन-तीन साल जातात, तोवर पाळणा अडंल. पंच म्हणाले, "तेवढं कुठलं थांबायचं?" जागा गेली. एवढ्या साध्या बोलण्यात ती गेली. मामांनी एका हातानं नमस्कार केला.

भाच्यांनी पाळणा सोडवला, गाड्या भरल्या. निघताना गावातल्या बाया रस्त्याला उभ्या होत्या, कुणी कणीक, कुणी गूळ, कुणी शेंगा गाडीत ठेवत होत्या, कोरडा शिधा, म्हणजे मामांना चालेल. अम्मा म्हणाली, "भाऊ, पुढच्या साली नुसते भेटायला तरी या." मामा म्हणाले, "बघू, अक्का." रशीदभाई घरातच होता. मामांनी दोनदा हाक मारली, तो बाहेर आला नाही. गाड्या वळणापलीकडं गेल्यावर आला अन् रिकाम्या अंगणात उभा राहिला.

पुढच्या साली विजेचा पाळणा आला. त्याला चालवणारा मिशाळ माणूस म्हणाला, बायकांसाठी वेगळा वेळ ठेवायला परवडत नाही, सगळे एकत्रच बसा. झालं. बुरख्यातल्या कितीतरी बाया त्यानंतर पाळण्यात कधी बसल्या नाहीत. अम्मा तर माळावरसुद्धा गेली नाही. दार लावून चोंगे तळत राहिली, आणि मी दारातून त्या दिव्यांच्या नावानं शिव्या देत राहिले. लहान पोरं मात्र दोन सालांत त्या पाळण्याची झाली. त्यांचा काय दोष? त्यांनी दुसरं पाहिलंच नव्हतं. त्यांतलीच मोठी होऊन आज त्या गटावर रडताहेत. रशीदभाई उरुसाच्या दिवसांत कुठल्यातरी ट्रकवर चढून हैदराबादेला निघून जायचा, उरूस उठल्यावर यायचा. घरात पाळण्याचं नाव काढायची सोय नव्हती. मामांकडं जायचं तर त्याचं तोंडच नव्हतं. "काय म्हणून जाऊ? तो हात काही मी परत देणार आहे?" असं एकदा अम्मावर खेकसला.

मग तिसऱ्या साली मामांचा भाचा बाजाराला आला होता, तो दारात येऊन निरोप देऊन गेला. मामांनी अम्माला, मला अन् रशीदभाईला बोलावलंय, तम्माला घेऊनच या, नाही तर येऊ नका. अम्मानं रशीदभाईला असं काही धारेवर धरलं की तो मुकाट्यानं एस.टी.त बसला. शिवेपलीकडच्या फाट्यावर उतरून आम्ही पायी निघालो. मामांच्या घराला वळसा घातला आणि आम्ही तिघंही जागीच थांबलो. खळ्यावर पाळणा उभा होता. तोच. चारही पेट्या पुसून लख्ख केलेल्या. लाट अन् ठोकळे मात्र नवे, बाभळीचे, पिवळट. भाचा अम्माला हळूच म्हणाला, "कालच उभा केला, उद्या सोडायचा. आता जत्रंला कुठं न्हेत न्हाई. तम्माला बसवायचंय म्हणत व्हते."

मामा बाहेर आले. उजवा हात छातीशी वाळल्यासारखा झाला होता, वर जातच नव्हता. रशीदभाई त्यांच्या पाया पडायला वाकला, त्यांनी डाव्या हातानं त्याला धरून उभं केलं अन् पाळण्याकडं नेलं.

"बस."

"मामा, नको."

"बस म्हणतो न्हवं?"

माझा तो तेवीस-चोवीस वर्षांचा मिशा फुटलेला भाऊ पेटीत बसला, गुडघे पोटाशी घेऊन. भाचे रेटायला पुढं झाले, मामांनी त्यांना हातानं बाजूला सारलं. डावा खांदा लावला अन् रेटायला लागले. नवं लाकूड गच्च, पाळणा इंचाइंचानं वर चढत होता, मामांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. अम्मा "भाऊ, राहू द्या" म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. पेटी अगदी वर पोचली तेव्हा मामांनी खांदा काढून घेतला आणि दोन पावलं मागं झाले. बाकीच्या तिन्ही पेट्या रिकाम्या, वर एकटा रशीदभाई, सगळा भार एका बाजूला. त्यानं पेटीच्या दोन्ही कडा घट्ट आवळल्या होत्या, डोळे मिटले होते.

पाळणा हलला नाही.

मामा वर बघत म्हणाले, "डोळं उघड, तम्मा. आता थांबतंय बघ."